डावऱ्या गिऱ्हा आणि आत्याचा पूर्णविराम

गिऱ्हा म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगता सांगता माझा चहा गार झाला. हा माणूस गेल्या आठवड्यात आला. वय तिशीचं, दाढी ऋषीची, पाठीवर पिशवी शाळकरी पोराची. डावऱ्याचे, म्हणजे माझ्या गिऱ्ह्याच्या चित्रकथेचे, सगळे जुने अंक गोळा करून तो त्यांचं एक जाडजूड पुस्तक काढणार आहे. "मावशी," तो म्हणाला, "मला प्रकाशनाचा इतिहास हवा. पहिला अंक कधी, मुद्रक कोण, खप किती." खप! मी सांगितलं, "बाबा रे, त्या काळी रत्नागिरीत वाचता येणारा प्रत्येक माणूस डावऱ्या वाचायचा, आणि न वाचता येणारे दोनदा वाचायचे, कारण चित्रं होती." त्याने ते खरोखर वहीत लिहून घेतलं. मग माझी मला लाज वाटली. म्हटलं, एकदा सगळं नीट लिहून काढावं. थोडं वाढवून सांगितलं जाईल, पण ती वाढ मूळ हकिकतीच्या अंगातच आहे, माझ्याकडे तिचा दोष नाही. जाताना तो म्हणाला, "सगळ्या अंकांत छपाईची एकच चूक वारंवार झालीय. ती मी दुरुस्त केलीय." आणि नमुन्याची काही पानं ठेवून गेला. त्या चुकीपायीच हे प्रकरण लिहायला बसले आहे.

तर गिऱ्हा. हा खाडीत राहतो, ओढ्याच्या डोहात राहतो. तुमच्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात तुम्हाला हाक मारतो, तुम्ही 'ओ' देत मागोमाग जाता, आणि पाणी गळ्याशी आलं की कळतं, आपला भाऊ तर मुंबईला आहे. हा झाला सगळ्यांचा गिऱ्हा. माझा गिऱ्हा निराळा. तो फक्त खोटं बोलणाऱ्यांना ओढायचा. गळ्याइतक्या पाण्यात उभं करून ठेवायचा आणि खरं बोलल्यावर सोडायचा. पण त्याला सज्जन म्हणायची सोय नव्हती. लोकांच्या जाळ्यातली सुरमई तो स्वतः चोरायचा, माडी प्यायचा, आणि देवळात जायचा तो नारळ पळवायला. त्याच्यावर भरवसा ठेवावा असं त्याच्यात काहीही नव्हतं, आणि तरी आंब्याच्या पेटीत वर मोठे नि खाली लिंबाएवढे आंबे भरणाऱ्या दलालाला त्याने पायाला धरून खाडीत नेलं, तेव्हा सगळी रत्नागिरी जेवताना हसली होती.

आमचा छापखाना घराच्या पडवीत होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या लाकडी केसा, शाईचा आणि रॉकेलचा वास. वर्षभर लग्नपत्रिका, गणपतीच्या आधी आरत्यांची पुस्तकं, आणि फाल्गुनापासून आंब्याच्या पेट्यांची लेबलं. ट्रेडल सुरू झालं की सबंध घर त्याच्या ठेक्यावर चालायचं. खटक-धप, खटक-धप. आई त्याच तालावर नारळ खवायची, भिंतीवरचं घड्याळ आपला वेग सोडून त्याच्या वेगाने जायचं, आणि शेजारची म्हैस ट्रेडल बंद असलं तर दूध देत नसे, असं तिची मालकीणच सांगायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, शब्दाला कंजूष. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जुळवल्यामुळे स्वतःसाठी उरले नसावेत. मी मात्र अक्षरं खिळ्यांवरून शिकले, म्हणजे उलटी. शाळेत गेल्यावर फळ्यावरची सुलटी अक्षरं बघून मी बाईंना म्हटलं होतं, तुमचं चुकलंय.

घरातली खरी मालकीण आत्या. आप्पांची मोठी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, नऊवारी लुगड्यातली, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. छापखान्यात तिला एक काम होतं आणि त्या कामात तिच्या तोडीचा माणूस मुंबईतसुद्धा नव्हता. प्रूफ तपासताना आप्पा छापलेला कागद घेऊन पेन्सिलीने बसायचे आणि आत्या मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. "आमचे येथे श्रीकृपेकरून स्वल्पविराम चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी..." अशी ती कीर्तनाच्या चालीवर म्हणायची. रस्त्याने जाणाऱ्यांना कोणाचं लग्न कुठे ठरलं हे पत्रिका छापायच्या आधी कळायचं. ती सवय तिच्या बोलण्यातही उतरली होती. "वासंते, ऊठ, दात घास, पूर्णविराम." म्हटलं की पुढे बोलायची टाप नव्हती.

आणि मी डावरी. जन्मतः. पाळण्यातला खुळखुळा मी म्हणे डाव्या हाताने दाईच्या डोक्यात घातला होता. आत्याला हे सहन होईना. "शिंचे, उद्या सासरी पंगतीत डाव्या हाताने वाढायला गेलीस तर ताटावरचे लोक उठून जातील!" तिने आपल्या जुन्या लुगड्याचा मोरपंखी काठ फाडून एक पट्टी केली होती. ती स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली असे. जेवायला बसले की आत्या माझा डावा हात मागे घेऊन त्या पट्टीने कमरेला बांधायची. मारलं तिने कधी नाही, हे सांगायला हवं. घट्टही बांधत नसे. पण कुळथाचं पिठलं नि भात उजव्या हाताने कालवताना अर्धा भात माझ्या मांडीवर आणि उरलेला आमच्या मांजराच्या पोटात जायचा. ते मांजर त्या काळात एवढं फुगलं की लोक त्याला वासरू समजून बाजूला व्हायचे. लिहायचं तेही उजव्या हाताने. माझं अक्षर असं वाकडंतिकडं, की निबंध वाचून मास्तर विचारायचे, "पोरी, भूकंप झाला तेव्हा लिहिलंस का?" डोक्यात गोष्टींचा बाजार भरलेला आणि हातातून उतरायचे ते खेकडे. चौदाव्या वर्षी मला मनापासून वाटायचं, की मी मुळातच काहीतरी उलटी छापली गेले आहे.

मिरकरवाड्यात धोंडूकाका तांडेल म्हणून होते. होड्यांची नावं लाकडात कोरायची आणि रंगवायची, हा त्यांचा धंदा. अंगाने वल्ह्यासारखे, आवाज भोंग्यासारखा. मच्छीमारांच्या पावत्या छापून घ्यायला आले की पडवीत टेकायचे, आणि मी खिळे जुळवता जुळवता गिऱ्ह्याच्या गोष्टी लावायची. एकदा ते ऐकता ऐकता म्हणाले, "गो बाय, तुज्या या मेल्याचा तोंड मना दिसताय बग. कोरू काय?" चार दिवसांनी ते फणसाच्या लाकडाचे तुकडे घेऊन आले. त्यावर गिऱ्हा! डोळे पापलेटसारखे वाटोळे, केसांत शेवाळ, आणि उजव्या हाताने दलालाचा पाय धरलेला. आप्पांनी ते तुकडे हातात फिरवले, खाली पट्ट्या ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणले आणि मशीनवर चढवले. कागद हवा होता, तोही होता. एका बागायतदाराची लेबलं छापताना आप्पांच्या हातून शाईचा डबा चुकला होता आणि हापूस निळा छापला गेला होता. बागायतदार लेबलं न घेता गेला, तो अजून बोलत नाही. त्या निळ्या आंब्यांच्या पाठीवर आमचा पहिला अंक निघाला, तळहाताएवढा.

आणि छापून आल्यावर कळलं. धोंडूकाकांना होड्यांची सवय. होडीवर जसं कोरावं तसंच दिसतं. छापखान्यात मात्र कोरलेलं उलटं उमटतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे गिऱ्ह्याचा उजवा हात कागदावर डावा झाला. चित्रातल्या होडीचं नावही उलटं आलं. धोंडूकाका कागदाकडे बघत राहिले. "ह्या काय झाला? मी तर उजवाच दिलेला." आप्पा म्हणाले, "छपाईत तसं येतं." मी मात्र तो कागद घेऊन माळ्यावर पळाले. साऱ्या जिल्ह्यात डाव्या हाताने काम करणारं कोणीतरी निघालं होतं, आणि त्याचा हात बांधायची कोणाची हिंमत नव्हती. त्याच दिवशी त्याचं नाव डावऱ्या पडलं. धोंडूकाका पुढचे ठसे उलटे कोरायला निघाले होते. मी त्यांचे पाय धरले. "काका, असंच कोरा."

पुढचं सांगायचं तर सभ्य लोक विश्वास ठेवणार नाहीत. होडीचं ते उलटं नाव म्हणजे भुतांची लिपी आहे असं गावात ठरलं. ते वाचायला लोक अंक घेऊन न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर उभे राहायचे, आणि आलोच आहोत तर म्हणून दाढी करून घ्यायचे. खलाशी अंक इंजिनाच्या फळीमागे खोचून समुद्रावर न्यायचे. पाण्यावर गिऱ्ह्याचं नाव घेत नाहीत, म्हणून छापखान्यात येऊन नुसतं म्हणायचे, "त्याचा आला काय?" हेदवीहून एकजण गणपतीला नमस्कार करून तसाच दोन खाड्या ओलांडून अंक न्यायला आला होता. लोटे गावच्या कारखान्याची बस एकदा चिपळूण ओलांडून पुढे गेली, कारण मागच्या बाकावरचा कामगार मोठ्याने वाचत होता आणि ड्रायव्हरला शेवट ऐकायचा होता. दर दोन महिन्यांनी अंक निघू लागला. पाचव्या अंकाच्या वेळी एका दुपारी शाळेचे हेडसर घरी आले.

हेडसर सज्जन माणूस, पण बोलायचे ते परिपत्रकासारखं. आईने कोकमचं सरबत दिलं. ते म्हणाले, "आप्पा, विषय गंभीर आहे. निम्मा वर्ग डाव्या हाताने डबा खातो आहे. काल एका विद्यार्थ्याने मला डाव्या हाताने नमस्कार केला." "एका हाताने नमस्कार कसा करतात हो?" आईने दाराआडून विचारलं. "तेच तर!" हेडसर म्हणाले, "पालक माझ्याकडे येतात. ते भूत उजवं करा, नाहीतर अंक शाळेत जप्त करावे लागतील." आप्पांनी बराच वेळ हाताची शाई पुसली. मग म्हणाले, "बरं. पुढच्या अंकापासून उजवा करू." आत्या खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा असा उजळला, जसा काही गिऱ्हा तिच्याच पोटचा आणि आज पास झाला. "बघ वासंते," ती म्हणाली, "भूतसुद्धा सुधारलं. तू कधी?"

धोंडूकाकांना निरोप गेला, की ठसे आता उलटे कोरायचे. गोष्ट मी लिहायची होती, डावऱ्या सुधारतो अशी. मी दोन दिवस माळ्यावर बसले. आंब्याच्या रिकाम्या पेट्या, वरून कौलांमधून येणारा उन्हाचा कवडसा, आणि खाली ट्रेडल. उजव्या हाताने एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, खोडली. तो हात खोटं बोलत होता हो, दुसरं काय. शेवटी इकडेतिकडे पाहिलं, आणि टाक डाव्या हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा सबंध गोष्ट त्या हाताने लिहिली. हात थांबेचना. आज साठीत मी बरंच काही लिहून बसले आहे, पण तसं धावलेलं अक्षर पुन्हा आलं नाही.

गोष्ट सुधारण्याची नव्हती. एक जाडी बाई, नऊवारी लुगडं, चष्म्याला दोरा. ती खाडीच्या काठी येते आणि डावऱ्याला म्हणते, हात दे. तो देतो, कारण ती त्याला आवडत असते. ती त्याचा डावा हात मोरपंखी पट्टीने बांधते. त्यानंतर खोटं बोलणारे सगळे त्याच्यासमोरून पाण्यात डुंबून जातात, दलाल जातो, काट्यावर अंगठा ठेवणारा जातो, आणि त्याला कोणालाच धरता येत नाही. उजव्या हाताने त्याला साधी कोळंबीही पकडता येत नाही. तो उपाशी बसून राहतो. तिथेच गोष्ट संपत होती. मी ती आप्पांच्या टेबलावर ठेवली आणि माडाच्या बागेत लपले. आता बापाचा मार, आत्याचा उपास, आणि अंक बंद, अशी माझी खात्री होती.

आप्पांनी ती जशीच्या तशी जुळवली. त्याचा अर्थ मला आता कळतो. खिळा न् खिळा त्यांच्या बोटांतून गेला, म्हणजे ती बाई कोण हे त्यांना पहिल्या ओळीला कळलं असणार. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रूफ काढलं, हाक मारून मलाही बसवलं, आणि माझे कागद आत्याच्या हातात दिले. "ताई, वाच."

आत्याने चष्मा चढवला. माझं हस्तलिखित म्हणजे तिला शिक्षा वाटायची. दर शब्दाला अडखळायची आणि "हा काय खेकडा गो?" म्हणायची. त्या दिवशी ती वाचत गेली. अडखळली नाही. "खाडीच्या काठी एक बाई आली पूर्णविराम. तिने नेसलं होतं नऊवारी लुगडं स्वल्पविराम चष्म्याला दोरा पूर्णविराम." तिचा हात चष्म्याच्या दोऱ्याशी गेला आणि खाली आला. वाचणं मात्र थांबेना, कारण प्रूफ मध्येच सोडायचं नाही हा तिचाच नियम. "अवतरण सुरू. हात दे पूर्णविराम. अवतरण बंद. त्याने दिला स्वल्पविराम कारण ती त्याला..." इथे कीर्तनाची चाल गेली. साधा आवाज उरला. "कारण ती त्याला आवडायची पूर्णविराम." आप्पांची पेन्सिल कागदावर तशीच. ट्रेडल बंद होतं, बाहेर म्हैससुद्धा गप्प. आत्याने शेवटपर्यंत वाचलं. "तो उपाशी बसून राहिला." पुढचं चिन्ह तिने उच्चारलं नाही.

मग तिने कागद डोळ्यांजवळ धरला. आता ती शब्द वाचत नव्हती, नुसतं अक्षराचं वळण बघत होती. "हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"कुठल्या हाताने?"

मी खोटं बोलणार होते. पण समोर डावऱ्याची गोष्ट होती, आणि खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते मीच लिहिलेलं. डावा हात पुढे केला. त्याला शाई लागलेली होती.

आत्या उठून आत गेली. आप्पा हळूच म्हणाले, "एकही चूक निघाली नाही प्रूफात." एवढंच. जेवायला हाक आली. पानावर आमसुलाचं सार, भात, फणसाची भाजी. मी सवयीने हात मागे घेऊन बसले. आत्याने खुंटीवरची पट्टी काढली, आणि ती हातात घेऊन पडवीत गेली. परत आली ती रिकाम्या हाताने. जुळवलेल्या खिळ्यांचं पान सुटू नये म्हणून सुतळीने बांधतात ना, तिथे आप्पांच्या दगडी टेबलावर डावऱ्याचं पान मोरपंखी काठाने बांधलेलं मी नंतर पाहिलं.

"गोष्ट अर्धवट आहे," आत्या भात वाढत म्हणाली, माझ्याकडे न बघता. "मेल्याला उपाशी ठेवून कोणी गोष्ट संपवतं? अजून एक चौकट घाल. हात सोडलेला दाखव."

"कोण सोडतं?" मी विचारलं.

"जिने बांधला ती सोडेल. आणखी कोण येणार आहे? जेव. आणि डाव्या हाताने सांडलेलंही पुसावंच लागतं, ध्यानात ठेव. देवाचा नैवेद्य मात्र उजव्यानेच. त्याच्याशी मला भांडता येणार नाही. पूर्णविराम."

मी जेवले. एक शीत सांडलं नाही. मांजर पानासमोर बसून राहिलं, मग रागाने जे घर सोडून गेलं ते थेट तांडेलांच्या होडीवर. दुपारी आत्या पदर खोचून हेडसरांकडे गेली. काय बोलली ते ती कधी सांगत नसे. हेडसरांनी पुढे एवढंच सांगितलं, की पोरं डाव्या हाताने का होईना पण घरचा डबा संपवतात, हा मुद्दा त्यांना पटला. मिरकरवाड्यात मी स्वतः पळत गेले. धोंडूकाकांनी दोन ठसे उलटे कोरले होते, आणि त्या खटाटोपात अंगठा कापून घेतला होता. "काका, पयल्यासारखंच कोरा! आत्याने सांगितलंय." ते म्हणाले, "तुजी आत्या? मग देवानाच सांगितला म्हण."

तो अंक निघाला तेव्हा शेवटच्या चौकटीत ती बाई खाली बसून डावऱ्याच्या हाताची गाठ सोडत होती. धोंडूकाकांनी आत्याचा चेहरा असा कोरला होता, की चष्म्याचा दोरासुद्धा दिसावा. आप्पांनी पहिला ओला कागद तिच्यासमोर धरला. तिने तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मग तिचं लक्ष गेलं. काकांनी नेहमीसारखं सुलटं कोरलं होतं, म्हणून छापून उलटं आलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी ही गाठ डाव्या हाताने सोडत्येय."

"छपाईत तसं येतं, ताई. पुन्हा कोरून घेऊ?"

आत्याने आपला डावा हात पदराखालून बाहेर काढला, चित्राच्या शेजारी धरला, बोटं हलवून पाहिली.

"नको," ती म्हणाली. "येऊ दे."

पुण्याच्या त्या भल्या मुलाने ठेवलेली नमुन्याची पानं आज मी उघडली. त्याने संगणकावर सगळी चित्रं फिरवून सुलटी केली आहेत. होड्यांची नावं आता स्वच्छ वाचता येतात, डावऱ्या उजव्या हाताने दलालाला धरतो, आणि शेवटच्या पानावर आत्याही उजव्या हाताने गाठ सोडते. काम फार सुबक आहे. पोराने रात्रंदिवस मेहनत घेतली असणार, मी त्याची ऋणी आहे. त्याला पत्र लिहायला बसले आहे. ते अर्थातच डाव्या हाताने, आणि मजकूर एका ओळीचा. बाळा, सगळी चित्रं होती तशी परत फिरव, पूर्णविराम.